लिलावात निघालेलं ऐतिहासिक जहाज भंगारात जाण्यापासून वाचवता येतं का?

येतं. पण लिलावाची जाहिरात निघाल्यावर धावपळ सुरू केली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. नौदलाच्या जुन्या विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेच्या वेळी हे आमच्या घरानं सोसलंय.

आम्ही सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुक्यातले. इकडे घरटी फौजी सापडेल, नौदलात जाणारे त्यामानानं थोडे. आमचे तात्या गेले. १९७१ च्या युद्धात ते विक्रांतच्या बॉयलर खोलीत होते. चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे वेग कमी, आणि जहाजाला वेग नसेल तर विमान उडवणं अवघड. तरी तीन बॉयलरांवर जहाज बंगालच्या उपसागरात उतरलं आणि ४ डिसेंबरपासून त्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावला तडाखे दिले. तात्यांना त्यातलं एकही विमान दिसलं नाही. वर कॅटापुल्टचा, म्हणजे विमानाला डेकवरून झटक्यात पुढे फेकणाऱ्या यंत्राचा, दणका बसला की खाली पायाखालचा पत्रा थरथरायचा, त्यावरून ते मोजायचे किती उडाली.

३१ जानेवारी १९९७ ला जहाज निवृत्त झालं. पुढे काही वर्षं मुंबईत ते संग्रहालय म्हणून पाहता यायचं, तात्यांनी मला तिथं नेलं होतं. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झालं. खर्च झेपणार नाही असं राज्य सरकारनं सांगितलं आणि २०१३ च्या अखेरीस लिलाव. सुमारे ६० कोटींना विकलं गेलं. जानेवारी २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं जहाज भंगारात काढू नये म्हणून केलेली याचिका फेटाळली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली, तेव्हा तात्यांनी आळीत पेढे वाटले. ऑगस्टमध्ये तोडायला परवानगी मिळाली, नोव्हेंबरात मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्यात गॅस कटर लागले. तात्या आठवडाभर पेपर उघडत नव्हते.

विराट या दुसऱ्या विमानवाहू युद्धनौकेचंही तेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ते जतन करायला सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला होता. तरी ३८.५४ कोटींना विकलेलं ते जहाज सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगला पोचलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्थगिती मिळाली खरी, पण एप्रिलपर्यंत जवळपास ४० टक्के जहाज तुटलेलं होतं. उरलेलं वाचवून काय करणार?

माझं स्पष्ट मत आहे की ही जहाजं कोर्टात हरली नाहीत, त्याआधीच हरली होती. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी गंजतं, आणि पाण्याखालचा भाग नीट दुरुस्त करायचा तर सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून जहाज कोरडं करता येईल अशी जागा, लागते. दोनशे मीटरहून लांब जहाजाला मुंबईत कायमचा धक्का कोण देणार, दरवर्षीचा खर्च कोण उचलणार, हे कुणीच लिहून दिलं नाही. अभिमान सगळ्यांना होता.

विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी मात्र वाचली. २००१ मध्ये निवृत्त झाली, ओढून किनाऱ्यावर घेतली आणि २००२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ती लहान, आणि पाण्याबाहेर, म्हणून जमलं. आणि मुंबईत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यानं सागवानात बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली! १८९७ मध्ये ते भंगारवाल्याला विकलंही गेलं होतं. व्हीटली कॉब नावाच्या माणसानं ते त्याच्याकडून परत विकत घेतलं, म्हणून आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहता येतं. आपल्या मुंबईचं जहाज पाहायला तिकडे जावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा तुमच्या मनात एखादं जहाज असेल तर ते निवृत्त व्हायच्या आधीच नौदलाला आणि राज्य सरकारला पत्रं लिहायला लागा. पत्रात इतिहास थोडा असू द्या. जागा कुठली, जमिनीवर घेता येईल का, दरवर्षी पैसे कोण देणार, हे आधी. पूर्ण जहाज झेपत नसेल तर एखादा भाग तरी मागा.

आणि त्यावर काम केलेल्या माणसांना आत्ताच गाठा. तात्यांनी शंभरपानी वहीत बॉयलर खोलीचा नकाशा काढून दिलाय, कुठला व्हॉल्व्ह कुठे तेसुद्धा. एखाद्या संग्रहालयाला हवा असेल तर मी स्वतः साताऱ्याहून घेऊन येईन.