क्रोमिया-अ‍ॅल्युमिना कॅटॅलिस्ट हवा देऊनही पूर्ववत का होत नाही?

तुम्ही मुंबईत, ऐन पावसाळ्यात, प्रोपेनपासून प्रोपीन बनवणारा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) म्हणून गॅमा अ‍ॅल्युमिनावर, म्हणजे सच्छिद्र अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर, १० टक्के क्रोमियम ऑक्साइड चढवलंत. ६०० अंश सेल्सिअसला प्रोपेन सोडल्यावर अर्ध्या तासात रूपांतर निम्म्यावर आलं, आणि हवेत जाळूनही पहिल्यासारखं झालं नाही.

पहिली घसरण ही चूक नव्हे. इतक्या तापमानाला कोक, म्हणजे कार्बनचा काळा थर, धरणारच. कारखान्यातही या कॅटॅलिस्टवर दहाबारा मिनिटं प्रोपेन चालवून लगेच हवेने कोक जाळतात. काळजी करायची ती भरून न येणाऱ्या घसरणीची.

आधी रंग बघा. हवेत भाजलेला कॅटॅलिस्ट पिवळा-केशरी हवा. तो रंग पृष्ठभागावर पसरलेल्या सहासंयुजी क्रोमियमचा. हायड्रोजन किंवा प्रोपेनमध्ये ते तीनसंयुजी होऊन हिरवट दिसतं, आणि प्रोपीन बनवण्याचं काम तेच करतं. कोक जळाल्यावरही दाणे हिरवेच राहिले, तर क्रोमियम ऑक्साइडचे स्फटिक झालेत किंवा क्रोमियम अ‍ॅल्युमिनाच्या स्फटिकजाळीत शिरलंय. मग नवी बॅच करण्यावाचून इलाज नाही.

माझा पहिला संशय दमटपणावर. अ‍ॅल्युमिना हवेतलं पाणी ओढून घेते, छिद्रं आधीच काही अंशी भरतात. मग मोजून घेतलेलं द्रावण आत मावत नाही, दाण्यांवर बाहेरून सुकतं आणि भाजताना तिथेच हिरवे स्फटिक होतात. क्रोमियम नायट्रेटही बाटलीत ओलं होतं, त्यामुळे वजन फसवतं. अ‍ॅल्युमिना १२० अंशांवर रात्रभर सुकवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि छिद्रांचं आकारमान त्याच दिवशी पाणी थेंबथेंब टाकून मोजा. ९ ग्रॅम अ‍ॅल्युमिनाला ५.२७ ग्रॅम नऊ-पाणी क्रोमियम नायट्रेट (रेणूमागे पाण्याचे नऊ रेणू असलेलं) लागतं. सोबत ०.२६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घाला; अ‍ॅल्युमिनाची आम्ल स्थळं शमली की कोक कमी धरतो. दोन्ही नायट्रेट आधी थोड्या पाण्यात विरघळवा, मग आणखी पाणी घालून द्रावण मोजलेल्या आकारमानापर्यंत आणा. छिद्रांची जागा ०.६ मिली प्रतिग्रॅम असेल, तर एकूण ५.४ मिली. पुन्हा सुकवून मिनिटाला २ अंशांनी ६०० पर्यंत चढवा, ४ तास ठेवा. तपकिरी धूर निघतो, फ्यूम हुड चालू हवा.

दुसरा संशय रिजनरेशनवर, म्हणजे कोक जाळण्याच्या पायरीवर. थेट हवा दिली की कोक भडकतो आणि बेड, म्हणजे नळीतला कॅटॅलिस्टचा थर, फर्नेसच्या आकड्यापेक्षा कितीतरी तापतो. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भिंतीला नको, बेडमध्येच ठेवा. सुरुवात नायट्रोजनमध्ये १ ते २ टक्के ऑक्सिजनने करा, बेड ६५० च्या वर जाऊ देऊ नका. प्रोपेन आणि हवा यांच्यामध्ये १० मिनिटं नायट्रोजन फिरवायचाच, यात सूट नाही.

चाचणीला ०.५ ग्रॅम कॅटॅलिस्ट, मिनिटाला ५ मिली प्रोपेन आणि ४५ मिली नायट्रोजन पुरे. नळी क्वार्ट्झची घ्या. स्टीलमधलं निकेल स्वतःच कोक करतं. रिकामी नळीही एकदा चालवून बघा, म्हणजे नुसत्या उष्णतेने किती मिथेन आणि एथिलीन निघतं ते कळेल. स्वयंपाकाचा गॅस वापरू नका. त्यात ब्यूटेन असतो आणि वासासाठी घातलेलं गंधकाचं संयुगही. ताज्या कॅटॅलिस्टला आधी हायड्रोजन द्या, नाहीतर पहिली काही मिनिटं कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच येईल.

ती पिवळी भुकटी कर्करोगकारक आहे. हातमोजे आणि मास्क लावूनच हाताळा, धुवण सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवा.