बकेट सीट, सहा-पॉइंट पट्टा आणि महिन्याचे १८,३३३ रुपये

सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३४, अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांबरोबर टेरी टॉवेलचं युनिट. पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी तीन वर्षांची. घरात रोजच्या वापराची एक गाडी आहेच, शिवाय २०१२ची एक पेट्रोल स्विफ्ट हौसेखातर ठेवली आहे. वर्षाला चार ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या मार्गावर घड्याळाविरुद्ध गाडी पळवण्याच्या स्पर्धा) आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई सर्किटवर एक ट्रॅक डे, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस, असा पाच दिवसांचा हिशोब. वळणावर मूळ सीटमध्ये अंग सरकतं, म्हणून आता त्यांना गाडीत दोन बकेट सीट (अंगाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या) आणि दोन सहा-पॉइंट हार्नेस, म्हणजे सहा ठिकाणी बांधले जाणारे रेसिंग पट्टे, बसवायचे आहेत. कोटेशन असं: सीट १,१६,०००, हार्नेस ६२,०००, साइड माउंट आणि रेल २८,०००, फिटिंग १४,०००. एकूण २,२०,०००. डीलर म्हणतो, हार्नेसवर डिस्काउंट आहे आणि बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’ आहे, पण रविवारपर्यंतच. प्रश्न तीन: घ्यावं का, मुलीच्या नावाने चाललेल्या एसआयपीतून काढावं की ईएमआय घ्यावा, आणि बिल फर्मच्या नावावर घेतलं तर चालेल का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते एका ओळीचं आहे. नाही. हौसेची गाडी हा धंद्याचा खर्च होत नाही, आणि वैयक्तिक वापराच्या वस्तूवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. टॉवेलच्या हिशोबात रेसिंग सीट दिसली की सीए विचारणार, सीएने नाही विचारलं तर दुसरं कोणीतरी.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही ‘सीट आणि पट्टे’ असं लिहिलंय, जणू सोफा आणि उशा. ही खरेदी साखळीची आहे. सीट, पट्टा, रोल केज (छप्पर दबू नये म्हणून आतून बसवलेला नळ्यांचा पिंजरा), मानेला धरणारं हॅन्स आणि हेल्मेट. यातल्या दोनच कड्या घेतल्या तर अर्धी साखळी मिळते, अर्धी सुरक्षितता नव्हे. काही बाबतीत आहे त्यापेक्षा वाईटच पदरात पडतं.

तुमचा मूळ तीन-पॉइंट पट्टा घ्या. गाडी उलटली आणि छप्पर दबलं तर त्यात शरीराला बाजूला झुकायला थोडी जागा असते. सहा-पॉइंट पट्टा तुम्हाला सीटला ताठ बांधून ठेवतो, आणि वर केज नसेल तर दबणाऱ्या छपराखाली तुम्ही ताठच बसलेले असता. दुसरं, धडक समोरून बसली की धड जागच्या जागी, पण हेल्मेटसकट डोकं पुढे जातं, आणि सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळाशी येतो. २००१ साली अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत नॅसकार मालिकेतले रेसर डेल अर्नहार्ट गेले तेव्हा कारण हेच होतं, कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी आपले मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांच्यासाठी हॅन्स त्याआधीच बनवलं होतं, पण ड्रायव्हर नाकं मुरडत होते. त्या अपघातानंतर नॅसकारने त्याच वर्षी मानेचा आधार सक्तीचा केला, फॉर्म्युला वनने २००३ पासून. तुमच्या कोटेशनमध्ये केज नाही आणि हॅन्सही नाही.

स्वस्तातला चार-पॉइंट पट्टा तर घेऊच नका. मित्राने सुचवलाय असं लिहिलंय, म्हणून सांगतो. त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा नसतो. खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा हाडावरून वर, पोटावर चढतो, आणि धडकेत माणूस त्याच्या खालून सरकतो. हाडाने झेलायचा मार आतड्यांवर जातो. काही कंपन्यांनी यावर वेगळी रचना काढली आहे, पण बाजारात ‘रेसिंग बेल्ट’ म्हणून दीड-दोन हजारांत मिळतो तो तसला नव्हे.

यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं, कारण हार्नेस म्हणजे शेवटी विणलेली पट्टीच. चांगले पट्टे पॉलिएस्टरचे असतात, कारण नायलॉन झटक्यात जास्त ताणतं. उन्हाने धाग्याची ताकद जाते हे तुम्ही गच्चीत वाळत पडलेल्या मालावर पाहिलंच असेल. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये काचेआड उभ्या गाडीतल्या पट्ट्याचं काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. एकदा मोठा झटका खाल्लेला पट्टा तर वरून कोरा दिसला तरी बदलायचाच. म्हणून या पट्ट्यांना मुदत असते. एफआयए या जागतिक मोटर रेसिंग संस्थेच्या ८८५३-२०१६ मानकाच्या पट्ट्यावर अमुक वर्षानंतर चालणार नाही असं छापलेलं असतं, आणि ती मुदत साधारण पाच वर्षांची असते. एसएफआय या अमेरिकी संस्थेच्या १६.१ मानकाचा पट्टा तारखेपासून दोनच वर्षं. मुदत मोजायची ती बनवल्यापासून. तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे.

तुम्ही पाठवलेला लेबलचा फोटो मी मोठा करून पाहिला. पट्टा २०२७ अखेरपर्यंतच चालतो. म्हणजे डीलर जो डिस्काउंट देतोय तो उरलेल्या आयुष्याचा आहे, तुमच्यावरच्या प्रेमाचा नव्हे. तुमच्या वेळापत्रकाने तोवर जेमतेम सात दिवस भरतील. एक पट्टा ३१,००० चा, म्हणजे दिवसाला सुमारे ४,४३० रुपये. तोच नुकता बनलेला घेतला आणि पाच वर्षांत पंचवीस दिवस वापरला, तर दिवसाला १,२४०. दुसऱ्या सीटचा पट्टा तर दिवसाचे हिशोब करण्याच्याही पलीकडे, कारण ऑटोक्रॉसला तुमच्या शेजारी कोण बसणार आहे? वहिनी बसणार नाहीत हे तुमच्या पत्रातच लिहिलंय.

सीटचंही तसंच. एफआयएच्या ८८५५-१९९९ मानकाची सीट पाच वर्षांची, ८८६२-२००९ची दहा वर्षांची. तुमच्या कोटेशनमधल्या पहिल्या प्रकारच्या आहेत, फायबरग्लासच्या, प्रत्येकी ५८,०००. लेबलचा फोटो फक्त पट्ट्याचा पाठवलात, सीटचा नाही. तोही मागवा. नावाजलेल्या कंपनीचं नाव पाठीवर भरतकामात आहे म्हणून भुलू नका. भरतकाम आपल्या गावात किती रुपयांत होतं हे तुम्हाला माहीत आहे. लेबल, मानकाचा क्रमांक आणि बनवल्याचं वर्ष, हे नसेल तर ती सीट सजावटीची. मागे रेलणारी ‘स्पोर्ट’ सीट आणि तिला हार्नेस ही जोडीही टाळा, रेलण्याचा सांधा त्या ताणासाठी बनवलेला नसतो.

सीटचं महत्त्व मी कमी लेखत नाही. दोन वर्षांपूर्वी एका कार्टिंग ट्रॅकवर मी माझ्या मापापेक्षा रुंद सीटमध्ये वीस मिनिटं चालवलं आणि नंतर दोन दिवस डाव्या बरगडीमुळे कुशीवर वळता येत नव्हतं. वळणावर माणूस स्टीअरिंगला लटकतो आणि मग गाडी चालवण्याऐवजी स्वतःला सावरत बसतो. तुमची तक्रार तीच आहे. पण तिच्यावर आधी फुकटचा उपाय करून बघा. सीट दोन खाचा मागे घ्या, पट्टा लावा, छातीजवळ धरून झटक्यात ओढा म्हणजे रीळ लॉक होईल, आणि ताण न सोडता सीट पुढे आणा. कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बसतो. पुढच्या दोन ऑटोक्रॉस अशा करा.

‘मग निदान एकच बकेट सीट घेऊन मूळ पट्टा ठेवू का?’ हा तुमचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. माझं मत नाही असंच आहे. त्या सीटच्या मांडीच्या कडा उंच असतात, मूळ पट्टा त्यांच्यावरून जातो आणि हाडावर नीट टेकत नाही. शिवाय ही स्विफ्ट तुम्ही आठवड्यातून दोनदा युनिटवर नेता. मूळ पट्टा काढून रस्त्यावर निघालात तर सीटबेल्टचा दंड आहेच, वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाचा मुद्दा निघाला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, आणि कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. मूळ पट्ट्याला प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत पट्टा आपोआप आवळणारी यंत्रणा, असेल तर पट्ट्याबरोबर तीही जाते.

आता त्या कागदांकडे येऊ ज्यांचा पत्रात उल्लेखच नाही. तुमच्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये आयोजित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग स्पष्ट वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर तो खर्च पूर्ण तुमचा. आरोग्य विम्याच्या ठरावीक शब्दांत मोटार रेसिंग व्यावसायिक म्हणून केल्यास वगळलेलं असतं, हौशी माणसाला तिथे थोडी जागा आहे, पण तुमच्या पॉलिसीतलं वाक्य स्वतः वाचा. आणि आयुर्विमा? तुमच्याकडे दहा लाखांची एक एंडॉवमेंट, म्हणजे बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी आहे. यंत्रमागांच्या कर्जापैकी बावीस लाख बाकी आहेत आणि त्याला हमी तुमची वैयक्तिक आहे. ताशी दीडशेने गाडी चालवणाऱ्या माणसाचं हे गणित मला सीटपेक्षा जास्त टोचतं. किमान एक कोटीची टर्म पॉलिसी आधी. प्रपोजल फॉर्ममध्ये धोक्याच्या छंदांची विचारणा असते, तिथे ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डे दोन्ही लिहा. प्रीमियम थोडा चढला तर चढू द्या. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत लपवलेली माहिती काढून कंपनी दावा नाकारू शकते, आणि तेव्हा उत्तरं द्यायला तुम्ही नसाल, वहिनी असतील.

पैशांकडे. मुलीची एसआयपी मोडू नका. करासाठी नव्हे, वर्षाहून जुन्या इक्विटी युनिट्सवरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो, त्यामुळे कर कदाचित लागणारही नाही. अडचण ही की पाच वर्षांत शून्य होणारी वस्तू पंधरा वर्षांच्या पैशातून घेणं होईल. ईएमआयही नको. ‘नो कॉस्ट’मध्ये प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी असतो, आणि रोख देताना मिळाली असती ती सूट बहुतेक वेळा गायब असते. एकदा ‘रोखीत किती’ एवढं विचारून बघा, फरक लगेच कळेल.

पण ईएमआय परवडतो असं तुम्हीच म्हणताय, म्हणजे महिन्याला १८,३३३ रुपये बाजूला काढायची तुमची तयारी आहे. ती मी वाया जाऊ देणार नाही. यातले १२,००० वेगळ्या आरडीत किंवा लिक्विड फंडात टाका, नाव द्या ‘गाडी’. उरलेल्या ६,३३३ मध्ये टर्मचा प्रीमियम आणि एंट्री फी. चोवीस महिन्यांत मुद्दलच २,८८,००० होतं. मी पुण्यातल्या एका फॅब्रिकेटरला विचारलं, त्याने बोल्ट-इन, म्हणजे बोल्टने बसवायच्या केजचे सव्वा लाख सांगितले. हॅन्स ४८,००० धरा. ड्रायव्हरच्या बाजूची सीट ५८,०००, ताजा पट्टा ३१,०००, माउंट १४,०००, फिटिंग ७,०००. बेरीज २,८३,०००. एका माणसाची, पण पूर्ण साखळी. खांद्याचे पट्टे मागे केजच्या आडव्या दांडीला बांधता येतील, खांद्यापासून जवळजवळ आडवे किंवा किंचित खाली. मागच्या सीटच्या जमिनीला बांधले की ते पाठीचा कणा खाली दाबतात, हे फॅब्रिकेटरला आधीच सांगून ठेवा. आणि हो, केज घातल्यावर ती स्विफ्ट रस्त्याची राहत नाही. डोकं नळीपासून वीतभर अंतरावर आणि हेल्मेट नाही, अशा गाडीत कोणी मुलीला शाळेत सोडत नाही. तेव्हा दोन वर्षांनी हाही निर्णय घ्यावा लागेल की गाडी ट्रेलरवरूनच न्यायची का. न्यायची नसेल तर केज नको, आणि केज नको तर हार्नेसही नको. मूळ सीट आणि मूळ पट्ट्यावर माणसं वर्षानुवर्षं ऑटोक्रॉस करतात. तुमच्या आयोजकांच्या नियमपत्रात तेवढंच मागितलंय असं तुम्हीच लिहिलंय.

आत्ता पैसे खर्च करायची फारच खाज असेल तर हेल्मेट घ्या. तुमचं बाइकचं आहे. स्नेल एसए२०२० या कार रेसिंगच्या हेल्मेटच्या मानकात आगीची आणि रोल बारवर डोकं आपटण्याची चाचणी होते, बाइकच्या हेल्मेटची तशी होत नाही. इरुंगट्टुकोट्टईला जाण्याआधी ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड. सोलापूरहून नऊशे किलोमीटर जाऊन तिसऱ्या लॅपला पेडल मऊ पडलं तर दिवस तिथेच संपतो.

रविवारी डीलरला फोन करा, पण ऑर्डरसाठी नको. बसून बघायला सीट आहे का, एवढंच विचारा. असेल तर हेल्मेट आणि युनिटमधला एक टॉवेल घेऊन जा. अर्धा तास बसा, कमरेमागे पोकळी वाटली तर टॉवेलची घडी घालून ती किती जाड लागते ते मोजा. सीट तुमच्या अंगाला किती इंचांनी मोठी आहे ते तो टॉवेल सांगेल. घडी एक इंचाच्या वर गेली तर मापाने लहान सीट मागवायची, ती दोन वर्षांनी.