वाचकांचे प्रश्न : ‘सेट’ या शब्दाचे इतके अर्थ कसे?

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ‘सेट’ या शब्दाच्या अर्थांची यादी मुले पाठ करतात, परंतु वाक्य समोर आले की गोंधळतात. इतक्या लहान शब्दाला एवढे अर्थ कसे आले आणि ते शिकवावेत तरी कसे?
— एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : यादी पाठ करून हा शब्द कोणालाच येणार नाही, कारण ती यादी फारच मोठी आहे. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदवलेले होते. त्या कोशाच्या पुढील संपादनात ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकले. म्हणून अर्थांमागे न धावता मुळाकडे जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

‘सेट’ हे ‘सिट’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे या जोड्यांत आतला स्वर बदलून प्रयोजक क्रियापद तयार होते. जुन्या इंग्रजीतही तीच रीत होती आणि तिचे अवशेष आजही दिसतात. ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर त्यावरून आलेले ‘फेल’ म्हणजे झाड तोडून पाडणे. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, तर ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे. ज्या आदिम धातूपासून ‘सिट’ आला, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘सद्’ आला आणि त्यावरून सदन, संसद, परिषद हे आपल्या नित्याच्या वापरातील शब्द तयार झाले. आपले ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’ या धातूवरून, ‘बैसणे’ या जुन्या रूपातून आलेले आहे. म्हणजे दोन्ही भाषांतील शब्दांचे कूळ वेगळे असले तरी त्यांची वाटचाल आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे.

ही वाटचाल मुलांना मराठीतूनच दाखवता येते. आपण अंगठीत खडा बसवतो, निखळलेले हाड बसवतो आणि घडी बसवतो. यांतील खडा आणि हाड यांसाठी इंग्रज माणूस सरळ ‘सेट’ वापरतो. पुढे जिथे तो ‘सेट’ म्हणतो, तिथे आपण पुष्कळदा ‘लावणे’ म्हणतो : गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे. जेवणाची पाने मांडणे, तारीख ठरवणे आणि परीक्षेचा पेपर काढणे हीदेखील त्याचीच कामे आहेत. या सर्वांत एखादी गोष्ट विशिष्ट जागी किंवा विशिष्ट स्थितीत आणून तिथे टिकवणे हा भाव समान आहे. मुलांना हा भाव आधी द्यावा, मग वाक्यातील सोबतचे नाम पाहायला सांगावे आणि तिथे मराठीत कोणते क्रियापद येईल ते त्यांनाच शोधू द्यावे. आपल्या ‘लागणे’ या शब्दाचे उदाहरण घेतल्यास त्यांची भीती लवकर जाईल, कारण भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, झोप लागते, नोकरी लागते आणि दहीही लागते, तरी कोणत्याही मराठी मुलाने यांतील एकही अर्थ कधी पाठ केलेला नसतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. कपांचा सेट, दागिन्यांचा सेट किंवा गणितातील संच या अर्थाचे नाम बसवण्यातून आलेले नाही. ते फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट किंवा पंथ, या शब्दापासून आले. नंतर उच्चार एकच झाल्याने दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. नाटकाचा सेट मात्र रंगमंचावर मांडलेला असल्यामुळे क्रियापदाच्याच कुळातला आहे. प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ परीक्षा ही तर केवळ तीन आद्याक्षरांची जुळणी आहे.

प्रश्न : आमच्या शेतजमिनीच्या प्रकरणात वरिष्ठ न्यायालयाने खालचा आदेश ‘सेट असाइड’ केला, असे कळले. म्हणजे तो सध्या बाजूला ठेवला, असे समजावे का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : तसे मुळीच समजू नये. व्यवहारात पैसे ‘सेट असाइड’ करणे म्हणजे ते राखून ठेवणे. न्यायालयाच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ आदेश रद्द ठरवणे असा आहे, आणि असा आदेश अमलात राहत नाही. काम पुढे ढकलले तर ‘अ‍ॅडजर्न’ हा शब्द येतो. आदेश कायम ठेवून त्याची अंमलबजावणी तेवढी थांबवली तर ‘स्टे’, म्हणजे स्थगिती, हा शब्द येतो. मराठी बातम्यांत कधी कधी ‘आदेश बाजूला ठेवला’ असे शब्दशः छापले जाते आणि त्यामुळे पक्षकारांचा गैरसमज होतो, ही चिंतेची बाब आहे. तिथे ‘रद्दबातल’ हा आपला जुना, स्वच्छ शब्द वापरायला हवा. निकालपत्राच्या अखेरच्या परिच्छेदात ‘रिमांड’ हा शब्द आहे का, तेही वकिलांकडून तपासून घ्यावे. तो असल्यास प्रकरण फेरसुनावणीसाठी खालच्या न्यायालयाकडे परत जाते आणि वाद संपलेला नसतो.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत ‘सेटिंग’ चांगली झाली म्हणतात आणि गवंडीही सिमेंट ‘सेट’ झाले म्हणतो. हा शब्द एकच का?
— एक बागायतदार, काटोल

उत्तर : शब्द एकच आहे. येथे ‘सेट’ अकर्मक होतो, म्हणजे कोणी काही बसवत नाही, तर वस्तू स्वतःच स्थिर होते. अंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. त्यांतील बहुतेक गळतात आणि जी टिकतात त्यांचे फळ धरते, तीच सेटिंग. फळधारणा हा त्याला नेमका शब्द आहे आणि ‘धरणे’ हे क्रियापद तर आपल्या बागांत आधीपासूनच आहे. सिमेंटच्या बाबतीत भारतीय मानकांनुसार साधे पोर्टलँड सिमेंट ३० मिनिटांच्या आत आळू लागता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत पूर्ण आळले पाहिजे. मात्र सेट होणे म्हणजे पक्के होणे नव्हे. मजबुती त्यानंतर हळूहळू येते, म्हणून पुढे कित्येक दिवस त्यावर पाणी मारत राहावे लागते.