नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात नेटवर्क रॅक बसवायचा आहे. ९ यू पुरेल का, भिंतीवरचा चालेल का, जागेची आधी काय तयारी करावी?

१२ यूचा घ्या; यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप. २४ पोर्टचे दोन स्विच, दोन पॅच पॅनेल (केबलची टोकं जोडायच्या पट्ट्या), केबल मॅनेजर, पॉवर स्ट्रिप आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) धरला की ९ यू तिथेच संपतो. भिंतीवरचा चालेल, पण भिंत विटांची हवी, पार्टिशनची नको. रॅक पुढून मागे किती खोल हवा, ते मात्र स्विचचं डेटाशीट बघून ठरवा. पीओई स्विच, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारे, लांब असतात, मागे पॉवर कॉर्ड वळायला जागा उरत नाही आणि मग लोक दार काढून ठेवतात.

पण जागेची तयारी म्हणजे आधी अर्थिंग. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

अंबडमध्येच टर्निंगचं काम करणाऱ्या एका कारखान्यात दर पावसाळ्यात स्विचचे पोर्ट जळायचे. मालक कंपनी बदलून नवा स्विच आणायचे, तोही जायचा. मला बोलावलं तेव्हा रॅकच्या दाराला हात लावताच झिणझिण्या आल्या. तिथला माणूस म्हणाला, "लोखंडाला थोडा करंट येतोच." येत नसतो! स्विचच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरला अर्थ मिळाला नाही की तो करंट बॉडीवर येतो. मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, ठीक. फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं होतं, आलं कितीतरी कमी. न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत पाहिजे, तिथे काटा भलतीकडेच.

इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, "थ्री-पिन सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आलंच." मेन बंद करून बोर्ड उघडायला लावला. हिरवी वायर होती, पण तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ती बोर्डाच्या मागे दुमडून ठेवलेली. बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेली पट्टी गंजून तुटलेली. तरीही परचेसवाले साहेब मलाच म्हणाले, "नेटवर्कवाल्याने अर्थिंगमध्ये नाक कशाला खुपसायचं? तुम्ही बिल वाढवताय." मी सांगितलं, रीडिंग बरोबर आल्याशिवाय नव्या स्विचचं खोकं उघडणार नाही. नवा खड्डा झाला, रॅकच्या बॉडीपासून अर्थ बारपर्यंत वेगळी जाड वायर ओढली, मगच मी स्विच चढवला. त्यानंतर त्या रॅकमधला पोर्ट जळाल्याचा फोन आला नाही. ते साहेब अजूनही मान्य करत नाहीत, हे मला माहीत आहे.

तेव्हा कोटेशन घेताना अर्थिंगचं काम वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि काम झाल्यावर रीडिंग तुमच्यासमोर दाखवायला सांगा. जो "काही गरज नाही" म्हणेल, त्याला काम देऊ नका.

बाकी तुम्हाला ठाऊक असेलच. रॅक कॉम्प्रेसर आणि ग्राइंडरपासून लांब ठेवा, कारण धातूची बारीक धूळ पंख्यातून आत जाऊन सर्किटवर बसते. पुष्कळ स्विच एका बाजूने हवा ओढून दुसऱ्या बाजूने सोडतात, म्हणून दोन्ही बाजूंना तीन इंच मोकळे सोडा. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात रॅकच्या आतलं तापमान ४५ अंशांच्या वर सहज जातं आणि बऱ्याच स्विचची मर्यादा तेवढीच असते. पॅनेलपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत केबल ९० मीटरच्या आत बसते का, ते आधी टेपने मोजा. दोन शेडच्या मध्ये तांब्याची केबल टाकूच नका, फायबर टाका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं आणि वळवाच्या विजा त्याच केबलवरून आत येतात.

हो, कॉलेज रोडला दोन खोल्यांचं ऑफिस आणि आठ पोर्टचा प्लॅस्टिकचा स्विच असता तर मी खड्डा खणा म्हणालो नसतो. तुमचा कारखाना आहे. आणि बोर्ड स्वतः उघडू नका, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, फक्त परचेसवाल्यांनी पाठवलेला नको.