पद्मिनीला मागे उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन बसवून आरटीओकडून पास करून घेता येतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: साताऱ्यात वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की गाडी मागून बसते, सायलेन्सर घासतो. बाहेरच्या देशातले व्हिडिओ पाहून मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून कॉइलओव्हर, म्हणजे भोवती गुंडाळी स्प्रिंग असलेले उंची बदलता येणारे शॉकअप, टाकायचे मनात आहे, आणि काम झाल्यावर त्याचं सर्टिफिकेट हवं आहे.

कागदाचं आधी सांगतो, कारण काम काय करायचं ते त्यावरच ठरेल. न्यूझीलंडमध्ये एकेका गाडीतला बदल तपासून पास करणारे अधिकृत तपासनीस असतात, गाडीला तशी प्लेट लागते. जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थेचे लोक बघून कागदपत्रांत नोंद करून देतात. आपल्याकडे ‘मी माझ्या गाडीचं सस्पेन्शन बदललं, आता तपासून शिक्का द्या’ असं म्हणायला खिडकीच नाही. पुण्यात एआरएआय आहे, पण ती संस्था उत्पादकांच्या गाड्या आणि किट तपासते, तुमची-माझी एकटी पद्मिनी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

शॉकअप कुठल्या कंपनीचा हे आरसीवर लिहिलेलं नसतं. पाट्याच्या जागी त्याच मापाचा नवा पाटा, बुशच्या (सांध्यातल्या रबरी नळीच्या) जागी बुश, शॉकअपच्या जागी शॉकअप, ही दुरुस्ती झाली. तिला कोणी हरकत घेत नाही आणि तिला सर्टिफिकेटही लागत नाही. पाटे काढून कॉइल, त्यासाठी बॉडीला वेल्डिंग करून नवे ब्रॅकेट, हा मात्र गाडीच्या मूळ रचनेतला बदल, आणि तो कागदावर बसवायला वाट नाही. एजंट ‘करून देतो साहेब’ म्हणेल. त्याने आणलेला कागद अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरपुढे टिकेल का, एवढं त्याला विचारा.

कायदा बाजूला ठेवला तरी मी पद्मिनीला कॉइलओव्हर टाकणार नाही. कारण सांगतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि दोन बाजूंना पाटे. पाटा नुसता वजन पेलत नाही. अ‍ॅक्सलला पुढेमागे आणि आडवं जागेवर धरून ठेवायचं कामही तोच करतो. ब्रेक मारल्यावर किंवा पहिल्या गिअरला क्लच सोडल्यावर अ‍ॅक्सल गरकन फिरू पाहतो, तो पीळही पाटाच सोसतो. पाटा काढला की ही सगळी कामं दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागतात: दोन्ही बाजूंना लांब दांड्या, आडव्या हालचालीसाठी आणखी एक दांडी, आणि त्या अडकवायला बॉडीत मजबूत जागा. आणि शॉकअपचं वरचं टोक जिथे अडकतं तो पत्रा फक्त झटके सोसण्यासाठी केलेला आहे. कॉइलओव्हर लावला की गाडीच्या मागच्या भागाचं अख्खं वजन तिथे येतं. पन्नाशीला टेकलेल्या, साताऱ्याचे पावसाळे खाल्लेल्या पत्र्यावर. हवेचे शॉकअप येतात त्यांचीही हीच गोष्ट. खड्ड्यात एकदा आपटली की पत्रा फाटायला सुरुवात होते, आणि सीट काढल्याशिवाय ते दिसतही नाही.

आता तुमची खरी तक्रार. गाडी मागून बसते ती पाटे थकलेत म्हणून, अ‍ॅडजस्टेबल नाहीत म्हणून नव्हे. सपाट जागी उभी करा, टाकी अर्धी, आत कोणी नाही. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा आणि लिहून ठेवा. मग चार माणसं बसवून पुन्हा मोजा. रिकाम्या गाडीतच पाटा सरळ पट्टीसारखा झाला असेल, किंवा डावं-उजवं माप डोळ्याला जाणवेल इतकं वेगळं असेल, तर पाटे काढायची वेळ झाली. अ‍ॅक्सल आणि वरचा रबरी बंप यांत किती जागा उरते तेही बघा. घाटात धाडकन आवाज येतो तो बहुतेक तिथूनच.

पाट्याच्या कामाला सातारा-सांगलीत माणसांची कमी नाही, ऊस वाहणाऱ्या गाड्यांची कृपा. मी सांगलीत राहतो, माझ्याकडेही पद्मिनी आहे, आणि तिचे पाटे कुपवाड एमआयडीसीकडच्या एका वर्कशॉपात समोर उभा राहून करून घेतले. समोर उभं राहायचं कारण असं की ट्रकच्या सवयीने हात चालणारा मिस्त्री गॅस कटरने पाटा लाल करून कमान मारून देतो. गाडी त्या दिवशी झकास उंच दिसते. पण त्या पोलादाचं पाणी, म्हणजे कणखरपणा, उतरलेला असतो, थोड्याच दिवसांत पाटा पुन्हा सपाट, नाहीतर तुटतो. पाटा तापवायचाच तर भट्टीत, तेलात थंड करून, पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन. हे होत नसेल तर सरळ स्प्रिंग स्टीलचे नवे पाटे कापून घ्या, जुन्याच्या जाडीचे आणि रुंदीचे. पाट्याला वेल्डिंग कधीच नाही.

सामान नेहमीचंच असेल तर खालून एक आखूड जादा पाटा टाकता येतो. तो टाकला की पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट लांब लागतात, जुनेच ओढूनताणून बसवू देऊ नका. यू-बोल्ट तसेही प्रत्येक वेळी नवेच घ्यावेत. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या खाचेत नीट बसलंय का ते बघा, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. रबरी बुशचे नट गाडी घोड्यांवर (स्टँडवर) उचललेली असताना अर्धवटच आवळायचे, चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावर पूर्ण. हे कोणी पाळत नाही, आणि मग बुश लवकर फाटले म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात.

उंचीचा हट्टच असेल तर जादा भोकं असलेले लांब शॅकल (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) मिळतात, करूनही देतात. शॅकल एक इंचाने लांब केला तर गाडी साधारण अर्धा इंच उचलते. मला ते आवडत नाहीत. मागून गाडी उचलली की पुढे नाक खाली जातं, पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि खंबाटकी उतरून हायवेला लागल्यावर स्टिअरिंग हलकं, भटकं वाटायला लागतं. शिवाय गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, अ‍ॅक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. गाडी उचलून चाकं पूर्ण लोंबकळू द्या आणि तो पाइप सैल राहतो का हे डोळ्यांनी बघा. हेडलाइटही नव्याने लावून घ्यावे लागतात.

अ‍ॅडजस्टेबल म्हणून पैसे घालायचेच असतील तर ते शॉकअपमध्ये घाला. शॉकअप गाडी उचलून धरत नाही, त्यामुळे उंची बदलणार नाही. पण चार माणसं बसल्यावर गाडी मागून डुलत राहते ते थांबेल. मापं जुळवताना पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी आणि दोन्ही टोकांचा प्रकार, एवढं जमलं पाहिजे. अ‍ॅक्सल वर बंपला टेकण्याआधी शॉकअप आतून टेकला तर तो आणि त्याचा माउंट, दोन्ही जातील. सेटिंग सगळ्यात मऊपासून सुरू करून थोडं थोडं वाढवा. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणानेच बराच झटका मरतो, म्हणून शॉकअप फार कडक केला की खराब रस्त्यावर मागची चाकं उड्या मारतात.

अजून एक गोष्ट तुमच्या गाडीपुरती. पहिली नोंदणी १९७८ची असेल तर २०२८ला पन्नास पूर्ण होतात. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आज कॉइलसाठी बॉडी कापली तर तो मार्ग कायमचा बंद. अर्थात व्हीए क्रमांकाची गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी कासला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी. नूतनीकरण वेळेवर होत आलं असेल तर पुढचं पाच वर्षांचं नूतनीकरणही त्याच सुमाराला येईल. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत नमुना २५ भरायचा, निरीक्षक गाडी बघतात. त्या दिवशी पाटे, शॉकअप, यू-बोल्ट यांची बिलं आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो फाइलमध्ये असू द्या.

पाटे काढलेत तर पाट्यांची टोकं बॉडीला जिथे अडकतात तिथला पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर आधी तिथलं पत्राकाम, बाकी सगळं नंतर. मूळ जागी मूळ आकाराचा पत्रा लावणं ही दुरुस्तीच आहे, तिची काळजी नको. आणि सगळं बसवून झाल्यावर एखाद-दोनशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. सैल पडतातच.