सरपणाच्या छोट्या लोखंडी शेगडीची धग कशी आवरावी?

आपला प्रश्न असा आहे की, नाशिकजवळच्या फार्महाउसमध्ये बसवलेली सरपणाची छोटी लोखंडी शेगडी एक तर लाल होईपर्यंत तापते, नाही तर हवेची झडप मिटताच धुमसू लागते. तिचे तापमान मधल्या पातळीवर कसे राखावे? निफाडकडच्या आमच्या मळ्यातील घरात अशीच शेगडी आहे आणि तिकडे काही हिवाळ्यांत पहाटेचा पारा 5 अंशांच्याही खाली जात असल्याने तिचा वापर नेहमीचा आहे. माझ्या मते धग आधी सरपणाने आवरावी आणि झडपेचे काम त्यानंतरचे समजावे.

लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो आणि आपल्याला दिसणारा जाळ मुख्यतः या वायूंचा असतो. शेगडी गच्च भरली तर हे वायू एकदम सुटतात. अशा वेळी झडप पूर्ण मिटली, तरी तापलेल्या लाकडातून वायू सुटतच राहतात, मात्र त्यांना जळायला हवा मिळत नाही. ते तसेच धुराड्यात जातात आणि वरच्या थंड भागात त्यांचा डांबरासारखा चिकट थर बसतो. हा थर साचून पुढे पेटला, तर धुराड्यालाच आग लागते.

म्हणून एका वेळी मनगटाएवढ्या जाडीचे दोन-तीन तुकडेच घालावेत. आपल्याकडे द्राक्षाच्या छाटणीची काडी मुबलक मिळते, पण ती बारीक असल्याने भडकन पेटते आणि मूठभर काडीनेही छोटी शेगडी पाहता पाहता तापते. ती फक्त पेटवणासाठी ठेवावी. शिवाय एप्रिलमधल्या खरड छाटणीची काडी पावसात झाकून ठेवली, तर थंडीपर्यंत खणखणीत वाळते, तर ऑक्टोबर छाटणीची काडी डिसेंबरात बहुधा ओलसरच असते. संथ, टिकाऊ धगीसाठी बाभळीचे फोडलेले आणि निदान एक उन्हाळा वाळवलेले लाकूड मला सर्वांत भरवशाचे वाटते. लाकडातील ओल 20 टक्क्यांच्या आत असावी. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर बद्द आवाज आला, तर ते अजून वाळलेले नाहीत. रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूड मात्र मुळीच जाळू नये.

नवे तुकडे लाल निखाऱ्यांवर ठेवावेत, झडप उघडी ठेवून त्यांना नीट पेट घेऊ द्यावा आणि मग ती थोडी थोडी मिटत आणावी. ज्योत सुस्त झाली किंवा दाराच्या काचेवर काजळी धरू लागली, की झडप जास्त मिटली असे समजून ती किंचित उघडावी. एकेरी पत्र्याच्या धुराड्याला बाहेरून चिकटणारे चुंबकीय तापमापक लावल्यास अंदाजाने चालावे लागत नाही. साधारण 120 ते 240 अंश सेल्सिअस ही त्याची योग्य मर्यादा मानतात. अंधारात लोखंड लालसर दिसू लागते, तेव्हा ते 500 अंशांच्या पुढे गेलेले असते, हे ध्यानात ठेवावे. तसे झाल्यास दार बंदच ठेवून खालची हवा मिटावी आणि नवे सरपण घालू नये. तापलेल्या बिडावर पाणी तर कधीही ओतू नये, कारण ते तडकते.

पातळ पत्र्याच्या शेगडीत आतून अग्निरोधक विटा बसवल्यास फरक चांगलाच जाणवतो, कारण आतला जाळ तापलेला राहून धूर जळतो आणि बाहेरचा पत्रा एकदम लाल होत नाही.

रात्री शेगडीत निखारे असताना धुराड्याची झडप पूर्ण मिटून झोपू नये आणि खिडकीची एक फट उघडी ठेवावी. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत त्याची चाहूल लागत नाही.