प्रश्नावली घेऊन गावात जाण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नेमणूक झाल्याचं वाचून फार बरं वाटलं. सामाजिक धोरण आणि संशोधन पद्धती हे दोन्ही पेपर तुझ्याकडे आलेत आणि पद्धतींच्या तासाला मुलं कंटाळतात याची तुला धास्ती आहे. मुलं कंटाळतात, कारण तो पेपर धोरणापासून तोडून शिकवला जातो. गृहीतकाची व्याख्या, नमुना निवडीचे प्रकार, प्रश्नावलीचे गुणदोष पाठ करायचे आणि परीक्षेत उतरवायचे. माझं ऐकशील तर दोन्ही पेपर एकत्र शिकव. फळ्यावर एखादा सरकारी आकडा लिही आणि तो कुणाच्या दारात, कुणाला, काय विचारून मिळाला, इथपर्यंत मुलांना मागे ने.

सुरुवात बायकांच्या रोजगारापासून कर. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात माणूस वर्षभर मुख्यतः काय करतो, याला एक संकेतांक देतात. फक्त घरकाम असेल तर 92. घरकामासोबत सरपण, चारा, भाजीपाला गोळा करत असेल तर 93. घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करत असेल तर 21. यातला 21 श्रमशक्तीत, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांत, धरतात, 92 आणि 93 धरत नाहीत. एवढं सांगून मुलांना जवळच्या गावात ने. दारात आलेल्या बाईला मुलगा विचारेल, “तुम्ही काय करता?” ती म्हणेल, “काही नाही, घरीच असते.” तो 92 लिहून पुढच्या घराकडे वळेल. त्याला तिथेच थांबव. म्हशीची धार कोण काढतं, वैरण कोण आणतं, शेण-गोठा कोण करतं, डेअरीला दूध कोण घालतं, हे एकेक करून विचारायला लाव. डेअरीचं पुस्तक नवऱ्याच्या नावावर असतं, आणि सकाळ-संध्याकाळचे कित्येक तास तिचे गोठ्यात जातात. मग वर्गात परत आल्यावर वाद घालू दे त्यांना. हिला 21 द्यायचा का? दिला तर मुख्य काम म्हणून की दुय्यम? वेळ कसा मोजायचा? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे तेव्हा काढ. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. त्या वादात मापनाची वैधता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का हे, मुलं जशी शिकतात, तशी नोट्समधून शिकत नाहीत.

स्मरणकाळ, म्हणजे मागच्या किती दिवसांचं आठवून सांगायला लावायचं ते, शिकवताना राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 1999-2000 च्या 55 व्या फेरीची गोष्ट सांग. घरात अन्नावर काय खर्च झाला, हे त्या वेळी मागच्या 7 दिवसांचं आणि मागच्या 30 दिवसांचं, असं शेजारी-शेजारी रकान्यांत विचारलं गेलं. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम होणारच. दारिद्र्याचं अधिकृत प्रमाण 1993-94 च्या सुमारे 36 टक्क्यांवरून 26 वर आलं, आणि त्यातली खरी घट किती नि प्रश्नाच्या मांडणीमुळे आलेली किती, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. गोडेतेल किती लागलं, एवढं मुलांना आपापल्या घरी दोन्ही पद्धतींनी विचारून यायला सांग.

नमुना निवडीत, म्हणजे कुठल्या घरांना विचारायचं ते ठरवण्यात, मात्र घाई करू नकोस. कॉलेजची शिबिरं बहुधा हिवाळ्यात होतात. बीडकडच्या गावांत तेव्हा कितीतरी घरांना कुलूप असतं, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, आणि हंगाम संपून परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. यादीतलं घर बंद दिसलं की मुलं शेजारचं उघडं घर धरतात. उघडं घर बहुधा जमीन असलेल्याचं असतं. अशी दहा-बारा घरं बदलली की अहवालात भूमिहीन कमी दिसतात, शाळा सोडलेली मुलंही कमी दिसतात, आणि त्यावर कुणी धोरण आखलं तर ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, तेच त्यातून सुटतात. म्हणून बंद घराचीही नोंद हवी. कधीपासून बंद, कुठे गेलेत, म्हातारी माणसं मागे राहिलीत का, हे शेजाऱ्यांना विचारायचं आणि हंगाम संपल्यावर पुन्हा जायचं. गावाच्या कडेच्या वस्त्यांनाही हेच लागू. मुख्य रस्त्यावरची घरं सोपी असतात म्हणून मुलं तिथेच रमतात.

धोरणासाठी रोजगार हमी घे. तुझ्या पगारातून व्यवसाय कर कापला जाईल. 1975 साली हा कर रोजगार हमीसाठी पैसा उभा करायलाच बसवला होता. पगारपत्रक वर्गात दाखव आणि तिथून मागे जा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला झालेला प्रयोग, 1972 चा दुष्काळ, 1977 चा कायदा, त्यावरून पुढे 2005 चा राष्ट्रीय कायदा. मग एक बारीक गोष्ट दाखव. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते मिळायला हवं, नाहीतर बेकारी भत्ता. पण हे 15 दिवस मोजायचे तर मागणीच्या तारखेची पोच मजुराच्या हातात हवी. पोचच दिली नाही, तर दप्तरी मागणीच नसते, आणि “या गावात कामाला मागणी नाही” असा निष्कर्ष निघतो. म्हणून मुलांनी मागणीची नोंदवही आणि मजुरांचं म्हणणं दोन्ही समोर ठेवून वाचावं.

मुलं गावात गेली की लोक रेशनकार्डं, घरकुलाचे कागद घेऊन येतील. आम्ही सरकारकडून आलेलो नाही, कुठलीही योजना मिळवून देणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायला लाव, आणि घरातल्या बाईने “नको” म्हटलं तर वही मिटायची. जे सापडलं ते ग्रामसभेत जाऊन वाचून दाखवायचं. लोक चुका दाखवतील, त्या अहवालात घ्यायच्या.

प्रश्नावली दोन पानांच्या वर नेऊ नकोस. आधी पाच घरांत चालवून बघ, मगच झेरॉक्स काढ. पहिला मसुदा मला पाठव, मी लाल पेनाने वाचून परत करीन.

तुझे सर